हॉलंडच्या स्टेशनावर सोललेलं कार्ड

बडनेऱ्याच्या फलाटावर मला सोडायला आमच्या विहारातल्या सात-आठ जणी आल्या होत्या. गाडीला उशीर होता, म्हणून सगळ्यांनी मिळून माझं बँकेचं कार्ड पाहायला मागितलं. पासपोर्ट कोणी विचारला नाही, विमानाचं तिकीट कोणी विचारलं नाही. हवं होतं ते कार्डच! मी कमरेच्या पिशवीतून ते काढलं आणि एकेकीच्या हातात दिलं.

"माय वं, कसं चकाकून राह्यलं!" शेजारची शांताबाई म्हणाली.

"चकाकनारच ना! मी सोता लॅमिनेशन केलं हाये," मी म्हणाले.

केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते ते! दोनच दिवसांनी त्याच तोऱ्यापायी परक्या देशातल्या स्टेशनावर मला घाम फुटणार होता, हे तेव्हा काय माहीत.

नांदगाव खंडेश्वरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. त्या दुष्काळी वर्षांत आमच्या भागात पीक कमी आणि कागद जास्त होते. मदतीचे अर्ज, पंचनामे, सातबारे. माणसं पावसापाण्यात, खिशातल्या घामात ते कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत हिंडायची, आणि कागद फाटला की माणूसच खोटा ठरायचा. म्हणून मी दिवसभर मशीन तापवून बसायची. गेलेल्या नवऱ्याचा फोटो घेऊन एखादी बाई आली तर तिच्याकडून काही घ्यायची नाही. प्लास्टिकच्या आत गेलं की वाचलं, एवढं मला कळत होतं.

माझी लेक करुणा सहावीत असताना तिचे वडील गेले. ती शिकली ती या दुकानावर. अकोल्याला शेतीचं शिकली आणि मग कपाशीच्या मुळांना लागणाऱ्या रोगावर पुढचं काम करायला हॉलंडला गेली. चार वर्षं झाली. आता तिला तिथल्या मोठ्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून प्राध्यापकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची होती, तेव्हा कुठे डॉक्टर होणार. फोनवर तिने मला एकच सांगितलं होतं.

"आई, पयल्या रांगेत तुही खुर्ची ठेवली हाये. ते रिकामी दिसली तं माह्या तोंडातून शब्द निंगनार नाई. आन दीड वाजता दार बंद होते. मंग कोनालेच आत घेत नाई."

आता कार्डाचं सांगते. अमरावतीच्या बँकेतून परदेशी चालणारं कार्ड घेतलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी मला समोर बसवून नीट समजावलं. मागे काळी पट्टी असते आणि पुढे सोनेरी चौकोन, त्याला चिप म्हणतात. आपल्याकडे दुकानदार पट्टी घासतो. तिकडे मशीनमध्ये कार्ड खुपसायचं, ते चिप वाचतं, मग चार आकडी नंबर दाबायचा. "रोख कशाला नेता, बाई? सगळं यावरच होतं. फक्त चिप जिवापाड जपा. खराब झाली तर तिथे दुसरं कार्ड मिळणार नाही," साहेब म्हणाले.

जपायचं म्हटल्यावर मी काय करणार?

दुकानाचा माल आणायला मी अकोल्याला जुन्या शहरात जाते. मोर्णेच्या पुलापलीकडच्या गल्लीत रफीकभाई आहेत, पाऊचचे (लॅमिनेशनच्या पाकिटांचे) ठोक व्यापारी. त्यांना मी कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि वरच्या फळीवरून सगळ्यात जाड पाऊच काढलं.

"बाई, विलायत जाऊन राह्यल्या तुमी. पतलं पाऊच नका लावू. हे लावा, पानी जाईन ना हवा. आन याचे पैसे नाई घेत मी. बेटीले माह्या सलाम सांगजा."

घरी येऊन मी मशीनचा ताप कमी केला आणि कार्ड दोन्ही बाजूंनी बंद केलं. कडा गोल कापल्या. पंचवीस वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बाईला अक्कल नव्हती का? होती हो! करुणा निघाली तेव्हाही असंच झालं होतं. तिच्या सगळ्या पदव्या मी लॅमिनेट करून ठेवलेल्या, आणि मुंबईच्या कचेरीतल्या माणसाने त्या परत फेकल्या. प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही म्हणाला. मग उकळत्या पाण्याच्या तांब्यावर धरून धरून एकेक पदवी मी सोलली होती. पण मी मनाशी म्हटलं, पदवीवर शिक्का लागतो, कार्डावर कुठे लागतो? झालं माझं समाधान.

विमानाचं काय वर्णन करू! खिडकीपाशी जागा मिळाली आणि मी लहान पोरीसारखी काचेला नाक लावून बसले. खाली ढगांची शेतं, पिंजून टाकलेल्या कापसासारखी. जेवणात गार पाव आणि चीजचा तुकडा आला, त्याला मी जवसाची चटणी लावली. शेजारच्या गोऱ्या आजोबांनाही दिली. त्यांनी जिभेला लावली, डोळ्यांत पाणी आलं आणि तरी पुन्हा हात पुढे केला. मला तो माणूस फार आवडला.

एकच घोळ झाला. मधल्या मुक्कामावर आमचं विमान उशिरा पोचलं आणि पुढचं निघून गेलं. रात्र तिथेच खुर्चीवर काढली. म्हणजे आदल्या दिवशी पोचायची ती मी करुणाच्या परीक्षेच्या दिवशीच, सकाळी साडेदहाला हॉलंडला उतरले. तिला न्यायला येता येणार नव्हतं. फोनवर म्हणाली, "आई, घाबरू नको. विमानतळाच्या खालीच टेसन हाये. पिवळी मशीन दिसन. कार्ड टाक, नंबर दाब, तिकीट घे. सव्वा तासात माह्यापाशी येतं तू."

आणि खरंच, जिन्याने खाली उतरलं की रेल्वे! वर विमानं आणि पोटात आगगाड्या! मी तर उभी राहून हसलेच. पिवळं मशीन सापडलं. पडद्यावर गावाचं नाव शोधलं. कार्ड टाका, असं चित्र आलं. मी कार्ड पुढे केलं.

जाईना. आडवं केलं, उभं केलं. फटीपेक्षा कार्ड जाड आणि रुंद! रफीकभाईंचं पाऊच! शेजारच्या मशीनवर गेले, तिथेही तेच. नोटा काढायच्या मशीनवर गेले, तिथेही. अकरा वाजत आले होते. जवळ या देशातली एक दमडी नाही, आणि मी माझ्याच हाताने माझं कार्ड प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवलेलं. एवढी चिडले स्वतःवर! "निर्मले, कावून केलं वं तू असं?" मी मोठ्याने म्हणाले. आजूबाजूचे वळून पाहायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "का भइल, बहिन?" (काय झालं, बहिणी?)

वळून पाहते तर चहा-कॉफीच्या टपरीवर माझ्याच वयाची, माझ्याच रंगाची बाई! केस पांढरे, अंगात झगा, आणि बोली हिंदीसारखी पण हिंदी नव्हे. तिचे पणजोबा हिंदुस्थानातून बोटीने सुरिनामला उसाच्या मळ्यात गेले आणि पुढे तिचं कुटुंब हॉलंडला आलं, हे मला तिने नंतर सांगितलं. मला तर वाटलं, मोर्शीची कोणी मावशीच भेटली. मी तिला वऱ्हाडी-हिंदीत सगळं सांगून टाकलं. तिने कार्ड घेऊन आधी आपल्या मशीनवर काळी पट्टी घासून पाहिली. प्लास्टिक इतकं जाड की पट्टीही वाचता येईना. मग तिने सोनेरी चौकोनावर नख वाजवलं.

"मशीनवा के छुए के चाही," ती म्हणाली. (मशीनला याचा स्पर्श व्हायला हवा.)

तिकिटाचे पैसे मी देते, असंही म्हणाली. मी हात जोडले. म्हटलं, पंधरा मिनिटं द्या. नाहीच जमलं तर घेईन. आत्ता फक्त उकळतं पाणी द्या.

तिने कागदी पेल्यात उकळतं पाणी दिलं. कार्ड पेल्याला टेकवून मी मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले. बांगडीतली सेफ्टी पिन काढली, तिच्या टोकाने कोपरा उचलला. सुटेना. दुसरा पेला. पुन्हा शंभर. आता कोपरा दुधाच्या सायीसारखा सैल झाला. घाई केली तर सगळं गेलं, हे मला पदव्यांनी शिकवलं होतं. श्वास धरून मी ओढत गेले. मागची बाजू आधी सुटली, आणि काय सांगू, काळी पट्टीसुद्धा तिच्याबरोबर निघून आली! अख्खी! माझ्या हातात प्लास्टिक, प्लास्टिकवर पट्टी.

टपरीवालीने तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, राहू द्या, पुढचं तोंड अजून बाकी आहे.

पुढची बाजू मी तिसऱ्या पेल्यावर सोडवली. चौकोन हलला नाही. त्यावर चिकट राहिलं होतं, ते पदराचं टोक गरम पाण्यात भिजवून पुसलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग आम्ही दोघी मशीनपाशी गेलो. तिने टपरी तशीच उघडी टाकली होती!

कार्ड आत गेलं. पडदा लाल झाला. वाचता येत नाही असं आलंय, टपरीवाली म्हणाली. मी बाहेर काढून वाफ दिली, कोरड्या पदराने घासलं आणि पुन्हा टाकलं.

नंबर विचारला! मी चार आकडे दाबले आणि मशीनच्या पोटात खडखड झाली. तिकीट पडलं. मी त्या बाईला मिठी मारून एक गिरकीच घेतली. ती ओरडली, "भाग, बहिन, भाग!" मी पळाले.

गाडीत बसल्यावर धाप लागली होती, तरी खिडकी सोडवेना. काय देश आहे! आमच्या वऱ्हाडासारखाच सपाट, पण जिथे पाहावं तिथे पाणी. शेताच्या चारही बाजूंनी पाणी, रस्त्यापेक्षा उंचावर पाणी. समोरच्या पोरीने मोडक्या इंग्रजीत मला समजावलं की इथे शेतातलं पाणी बाहेर काढायला पंप लावतात. बाहेर काढायला! मी तिच्याकडे पाहतच राहिले. आमच्याकडे बोअर तीनशे फूट गेली तरी धूळ निघते!

गाडीतून उतरून लोकांना विचारत विचारत सभागृहाच्या दाराशी पोचले तेव्हा दीडला चार मिनिटं होती. पेडल (काळा झगा घातलेली, हातात घुंगरांची काठी घेतलेली समारंभाची मानकरीण) दार लोटायलाच निघाली होती. माझी साडी ओली, केस विस्कटलेले, हातात बॅग. तिने विचारलं काहीतरी. मी एवढंच म्हणाले, "करुणा. आई." तिने काठी बगलेत मारली आणि माझी बॅग स्वतः उचलून मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

करुणा समोर उभी होती. मला पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. तेवढं मला पुरलं.

पाऊण तास इंग्रजीत प्रश्न चालले. मला मधूनच अमरावती ऐकू यायचं, की मी ताठ बसायची. शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने काहीतरी विचारलं. करुणाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश बोलली, आणि तो म्हातारा मान डोलवू लागला. घुंगरं वाजली, वेळ संपली. माझी लेक डॉक्टर झाली! मी रडले, हसले, शेजारणीच्या रुमालाला नाक पुसलं.

नंतर बिटरबॉलन (तळलेले गरम गोळे) खाताना तोंड भाजून घेतलं. बटाटेवडा समजून अख्खा टाकला होता, आत उकळतं सारण. फू फू करत मी करुणाला विचारलं, "त्या बुढ्यानं काय इचारलं होतं वं?"

"तो म्हने, तुह्या कामाचा उपयोग कोनाले?"

"मंग?"

"मी सांगतलं, माह्या आईच्या दुकानात जे लोकं कागद घेऊन येते, त्याईले."

मी दुसरा गोळा तसाच हातात धरून उभी राहिले.

आठ दिवसांनी परत निघाले. करुणाने पदवीची लाल नळी माझ्या हातात दिली आणि बोट दाखवून म्हणाली, "आई, मशीनपाशी नेऊ नको हे!" जाताना विमानतळाखालच्या टपरीवर थांबले, पण त्या दिवशी दुसरीच बाई होती. जवसाच्या चटणीची पुडी तिच्यापाशी ठेवली आणि खुणेने सांगितलं, पांढऱ्या केसांच्या बहिणीला द्या.

आता दुकानात पुन्हा मशीन तापतं. पण कागद आत घालण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, यावर अजून सही-शिक्का व्हायचा आहे का? असेल तर उघडाच राहू द्या. करुणाची पदवी गल्ल्याशेजारी फळीवर ठेवली आहे. परवा लोणी टाकळीचे एक बाबा पंचनाम्याची झेरॉक्स घ्यायला आले. पदवी पाहून म्हणाले, "बाई, सगळ्या तालुक्याचं करता लॅमिनेशन, आन पोरीच्याच कागदाचं नाई?"

"नाई केलं," मी म्हणाले. "तुमच्यासाठीच हाये तो कागद. हात लावा."

बाबांनी दुपट्ट्याने दोन्ही हात पुसले, आणि हात लावला.