अक्कांनी माझं पुस्तक वाटून टाकलं

मंडळी, सकाळी माझं डोकं फिरलं होतं. आता बरी आहे, म्हणून लिहिते.

निवृत्तीनंतर मी मुलांसाठी खेळ-पुस्तकं लिहून ऑनलाइन विकते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढची वाट वाचणाऱ्यानेच निवडायची: गुहेत शिरायचं तर पान नऊ, पळायचं तर पान चौदा. पैसे भरा, डाउनलोड करा.

आज बसवनगुडीच्या सुमनअक्कांनी नवं पुस्तक विकत घेतलं आणि तासाभरात अख्खी फाइल मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. वर कौतुकाने लिहिलं, "आपल्या ताईंचं पुस्तक, सर्वांनी वाचा!"

मी फोन लावला. "अक्का, कॉन्व्हेंटात आम्हाला याला चोरी म्हणायला शिकवलंय."

"अगं, दिवाळी अंक नाही का आपण दहा घरी फिरवत? स्वल्प मोठं मन ठेव!"

"अंक फिरवला की तुमच्या हातातून जातो. ही फाइल तुमच्याकडे राहून सगळ्यांकडे गेली. आता विकत कोण घेणार, माझी मांजर?"

अक्कांनी ग्रुपवरून फाइल काढली.

दुपारी ग्रुपमधल्या एका आजींचा फोन आला. त्यांची नात एरवी मराठी वाचायचं नाव काढत नाही. आज माझ्या पुस्तकातल्या गुहेत सारखी मरत होती, म्हणून चिडून अक्षर अक्षर लावत बसली होती.

"दुसरं पुस्तक कुठे मिळेल? विकतच घेऊ हं. अक्कांनी सगळ्यांना फोन करून दम दिलाय."

चोरी ती चोरीच. पण इतकी खूश मी कित्येक दिवसांत झाले नव्हते.

आता सांगा, पुढचं पुस्तक अक्कांना सर्वांत आधी पाठवू की सर्वांत शेवटी?