कालव्याची सुखरूप बाजू

त्या गावाच्या मधून एक कालवा वाहत होता, आणि कालव्याच्या मध्यावरून दोन देशांची हद्द जात होती. पाणी देवाचे, कालवा माणसांचा, आणि हद्द सरकारांची. अलीकडच्या काठावर एक देश, पलीकडच्या काठावर दुसरा. भाषा तीच, सोयरीक आपसांतली, भांडणेसुद्धा त्याच त्याच घरांची. मुलगी अलीकडे दिली की तिचे माहेर पलीकडे, एवढेच काय ते परदेशगमन! कालवा इतका अरुंद की या काठावरच्या बाईने हाक मारावी आणि त्या काठावरच्या बाईने चुलीपासून न उठता ओ द्यावी.

अलीकडच्या इस्पितळाच्या धुलाईघरात एक बाई काम करीत असे. चादरींना देण्याच्या निळीने तिची नखे कायमची निळसर झाली होती, म्हणून सगळे तिला नीळताई म्हणत. नवरा वारल्यापासून ती दोन खोल्यांत एकटी राहत होती. तिचे माहेर पलीकडे, अगदी काठावर. खाली धाकट्या भावाचे केस कापण्याचे दुकान, वर राहते घर. म्हातारी आई त्याच्याकडेच असे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून ती लेकीकडे आली. डोळ्यावरची पट्टी सुटली, आणि त्याच आठवड्यात पुलाचे फाटक बंद झाले.

आजार आला होता. तो सगळ्या पृथ्वीवर आला होता, आणि आपापल्या फाटकामागे उभे राहून प्रत्येक देश म्हणत होता, आमच्याकडे येणार नाही.

पलीकडच्या सरकारने पहिल्याच दिवशी गावाला कडी लावली. दारादारावर पहारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अलीकडचे सरकार म्हणाले, घाबरू नका, साधा ताप आहे. लोक घाबरले नाहीत, आणि मेले. आधी म्हातारे गेले, मग कर्ते गेले, मग ज्यांनी त्यांना खांदा दिला ते गेले. इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा लागल्या, खाटा संपल्यावर जमिनीवर गाद्या आल्या.

हे सारे नीळताईला कोणी सांगावे लागत नव्हते. तिच्यापुढे चादरींचे ढीग पडत. पूर्वी एका बाजूला बाळंतिणींच्या, एका बाजूला हाडमोडीच्या अशा चादरी वेगळ्या येत. आता सगळ्या एकाच पिवळ्या पिशव्यांतून येत, आणि पिशवी उघडायच्या आधी नीळताई मनात देवाचे नाव घेई. जो या चादरीवर होता तो उठून घरी गेला असो, एवढेच ती मागे. ते तिला कळत मात्र नसे. चादर सगळे सांगते, पण तेवढे सांगत नाही.

घरी परतली की ती मागच्या जिन्यात कपडे उतरवी, अंगावर गार पाणी ओती, आणि तरी खोलीत पाऊल टाकताना चोरासारखी थबके. आई स्वयंपाकघरात निजे, ही दाराबाहेरच्या पडवीत. ताट सरकवायचे आणि मागे व्हायचे. ज्या आईच्या मांडीवर वाढली, त्या आईपासून लेक हातभर लांब बसू लागली.

"अगं, जवळ ये की. मी काय चावते?" आई म्हणे.

"तू नाही गं चावत. मी चावेन."

धुलाईघरात बॉयलर सांभाळणारा एक गडी होता. दिवसभर रेडिओ कानाला, म्हणून त्याचे नाव बातमीबुवा. रोज सकाळी तो सगळ्या देशांची पंगत मांडी आणि कोणाला पाटावर बसवायचे, कोणाला उठवायचे, ते ठरवी.

"आज त्या बेटवाल्यांचा पहिला नंबर," तो सांगे. "बंदर बंद केलं आणि आत मजेत नाचताहेत. दुसऱ्या एका देशानं दार सताड उघडं ठेवलं, म्हणे ज्याला व्हायचं त्याला होऊ दे. त्यांचे वृद्धाश्रम रिकामे झाले! तिसरा तर मेलेले मोजतच नाही. न मोजता मरण स्वस्त पडतं, काय?"

"आणि आपण?" नीळताई विचारी.

"आपण? आपण शेवटच्या पंगतीला. उष्टं उचलायला."

"आणि पलीकडचे?"

"पलीकडचे शहाणे. तुझ्या माहेरी देव जागा आहे बघ."

हे शेवटचे वाक्य नीळताईच्या काळजात रुतून बसले. कारण ते तिला डोळ्यांनी दिसत होते. पलीकडच्या काठावर वळणीवर कपडे वाळत ते घरातले रोजचे: सदरे, फडकी, लहानग्यांची झबली. रुग्णाच्या चादरींची एक रांग तिला कधी दिसली नाही. जिने आयुष्यभर माणसांची खुशाली कपड्यांवरून वाचली, तिने देशाची खुशालीही वळणीवरून वाचली. चुकली ती तिथेच. वळणीवर कालचे धुतलेले असते. उद्या काय मळणार, हे वळणीला कुठून ठाऊक?

संध्याकाळी भाऊ वरच्या खिडकीत येई आणि ओरडून बोले.

"ताई! आईला इकडे पाठव. आमच्याकडे एक रुग्ण नाही. आमचं सरकार म्हणजे सरकार आहे. तुमचं म्हणजे नुसती खुर्ची!"

"तुझं दुकान बंद आहे ना? मग एवढं तोंड कशाला सुटलंय?"

"दुकान बंद, पण श्वास चालू! तुमच्याकडे दुकानं चालू आणि श्वास बंद!"

पलीकडच्या खिडक्यांतून लोक हसले. नीळताई हसली नाही. शब्द खोटा असता तर तिनेही परत एक दिला असता.

आणि मग हुकूम निघाला. पुलाचे फाटक एका सकाळपुरते उघडणार. जे म्हातारे चुकीच्या काठावर अडकले होते, त्यांनी आपापल्या देशात जावे. एकदा गेले की परत फिरणे नाही.

आईने ऐकले आणि म्हणाली, "मला नाही जायचं."

"आई, इथे मरण दारात उभं आहे."

"उभं आहे तर उभं राहू दे. माझ्यासाठी थोडंच आलंय? आणि आलं असेल तर पूल ओलांडायला त्याला कुठे फाटक आड येणार?"

"तिकडे आजार नाही, आई. स्वच्छ दिसतंय."

"तुला दिसत असेल. मला तर कालव्यापलीकडचं अजून धुरकटच दिसतं. डॉक्टरला म्हणावं, डोळा अर्धाच केलास."

"थट्टा नको."

"मग रडू का? अगं, तुझ्या भावाचं सरकार शहाणं असेल, पण त्याच्या घरात माझं ऐकतो कोण? इथे निदान तू भांडतेस तरी. आणि मला एक सांग, मी काय पार्सल आहे, इकडून तिकडे धाडायला?"

नीळताईने मान खाली घातली. मग जे ती इतके दिवस गिळत होती, ते बाहेर पडले. "रोज मी मेलेल्यांच्या चादरी धुते, आणि त्याच हातांनी तुला वाढते. माझ्या हातून तुला काही झालं, तर मी कोणत्या तोंडानं जगू?"

आईने लेकीच्या निळ्या नखांकडे पाहिले. तिने वाद थांबवला. तिला पटले नव्हते. लेकीला झोप लागावी म्हणून ती कबूल झाली. आई अशी हरते, आणि लेकरांना वाटते आपण जिंकलो.

त्या सकाळी पुलावर म्हाताऱ्यांची रांग होती. फाटकावरचे काका नीळताईला लहानपणापासून ओळखत. त्यांनी हळूच विचारले, "पोरी, नीट विचार केलास ना? हे दार जायचं आहे, यायचं नाही."

"केला, काका."

"आणि आजीनं केला?"

आईच म्हणाली, "मी काय विचार करणार? दोन्ही तीरांवर माझीच पोरं. सरकारांनाच काय ती पंचाईत." तिने लेकीच्या गालाकडे हात नेला, नेमाची आठवण झाली, आणि तो हात तसाच हवेत फिरवून मागे घेतला. मग काठी टेकीत ती पलीकडे गेली.

पुढचे काही आठवडे देवाने नीळताईला सुखाचे दिले. आई दुकानाच्या पायरीवर उन्हात बसे. ही काठावर जाई. "जेवलीस का?" "जेवले. तू?" एवढ्या दोन शब्दांवर तिचा दिवस तरून जाई. धुलाईघरात ती चादरी पिळी आणि म्हणे, देवा, काहीही ओत माझ्यावर, आई सुखरूप बाजूला आहे.

पण देशांची पंगत एका जागी बसून राहत नाही. अलीकडचे लोक मार खाऊन शिकले. तोंड बांधू लागले, अंतर राखू लागले, शिंक आली तरी घरात बसू लागले. सरकारही उशिरा का होईना शुद्धीवर आले. घरोघर तपासणी झाली, आजाऱ्यांना वेगळे ठेवले गेले. पिवळ्या पिशव्या कमी झाल्या. बॉयलरला विसावा मिळू लागला. आणि पलीकडच्या सरकारने सभा भरवून जाहीर केले की आजार हरला. कड्या निघाल्या, पहारे उठले, साचलेली लग्ने धूमधडाक्यात झाली. भावाच्या दुकानात लग्नाला जाणाऱ्यांची रीघ लागली. इतक्या महिन्यांची दाढी आणि इतक्या महिन्यांच्या गप्पा! प्रत्येकाच्या तोंडाजवळ त्याचे तोंड.

"धाकट्या, फडकं बांध तोंडाला!" ताई काठावरून ओरडली.

"ते तुमच्याकडे! आमच्याकडे लागत नाही!"

बातमीबुवा एका सकाळी रेडिओ न लावता बसला होता. नीळताईने विचारले, "आज पहिला नंबर कोणाचा?"

तो म्हणाला, "पलीकडे शिरलाय."

ती काठावर धावली. पायरी रिकामी. वरच्या खिडकीतून भाऊ म्हणाला, "थोडा ताप आहे आईला. उतरेल." तो तिच्याकडे बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी आईला तिकडच्या इस्पितळात नेले.

नीळताई फाटकावर गेली. काकांच्या हाती किल्ली होती, पण आता फाटकाला दोन्ही बाजूंनी कुलपे होती. पलीकडचे कोणाला आत घेईनात, अलीकडचे कोणाला बाहेर सोडीनात.

"काका, आई आहे माझी."

"माहीत आहे गं."

"तुम्हीच तिला सोडलंत ना? मग मला सोडा."

"तेव्हा हुकूम होता, पोरी." काकांनी किल्ली पुढे धरली. "माझ्या एका किल्लीनं आता भागत नाही."

ती फाटकाचे गज धरून उभी राहिली. ज्या दाराने आईला तिने स्वतः बाहेर काढले, त्याच दाराशी आता ती भीक मागत होती. आईच्या मनाविरुद्ध, आईच्या भल्यासाठी! देवा, भले करायला निघालेल्या माणसाला तू वाटेत का रे अडवत नाहीस?

तिकडच्या एका नर्सने दया केली आणि फोन आईच्या कानाशी धरला.

"आई, मी."

धाप ऐकू आली. मग आईचा आवाज, वाऱ्यावरच्या दिव्यासारखा. "तुझ्याकडे... आता बरं आहे ना गं?"

"हो आई. इथे आता बरं आहे."

"मग झालं. तू नाही आलीस माझ्याबरोबर... ते देवानंच केलं."

"आई, मला माफ..."

"हाताला तेल लावत जा," आई म्हणाली. "फार फाटलेत."

त्या दिवशी दुपारी आई गेली. पलीकडच्या नगरपालिकेच्या माणसांनी सगळे उरकले. लेकीला धूर दिसला, की तसे वाटले, ते तिला कधीच सांगता आले नाही.

संध्याकाळी दोघे आपापल्या काठावर उभे होते.

"तू पाठवलंस," भाऊ म्हणाला.

"तू बोलावलंस," ती म्हणाली.

काठावर लोक होते, पण आज कोणी हसले नाही. ती वळून घरी गेली आणि नंतर बरेच दिवस काठावर फिरकली नाही. पलीकडून हाक आली नाही, हिनेही दिली नाही.

मग पलीकडच्या इस्पितळाची धुलाईची यंत्रे बंद पडली, आणि दोन्ही सरकारांचे कधी नव्हे ते एका गोष्टीवर एकमत झाले: माणूस पूल ओलांडणार नाही, पण चादरी ओलांडतील. एका सकाळी धुलाईघराच्या दारात पलीकडच्या पिशव्यांनी भरलेली गाडी उभी राहिली. पिशव्या आढ्याला लागल्या.

"नीळताई," बातमीबुवा म्हणाला, "तू घरी जा. या मी उरकतो."

ती गेली नाही. तिने पहिली पिशवी उघडली, आणि मग दुसरी, आणि मग तिच्या ध्यानात आले की या ढिगात आई शोधण्यात अर्थ नाही. एवढ्या चादरी म्हणजे एवढी माणसे. एवढी माणसे म्हणजे पलीकडे गल्लीच उरली नसेल. आणि त्या गल्लीत तिचा भाऊ होता.

हात तसेच ओले घेऊन ती कालव्यावर धावली. दुकानाचे दार बंद. वरची खिडकी बंद.

"धाकट्या!"

काही नाही.

"अरे धाकट्या! ओ दे!"

किती हाका मारल्या देव जाणे. शेवटी खिडकी किलकिली झाली. दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला. दुसऱ्यांच्या दाढ्या करणारा तो, त्याला स्वतःची करण्याचे त्राण उरले नव्हते.

"ताई," तो खोकत म्हणाला. "आईला मीच... दुकानातून मीच घरी..."

"पुरे."

"तुला राग आहे ना माझा?"

"आहे. तुझाही आहे, माझाही आहे. जेवलास का?"

"चव लागत नाही."

"चव नसली तरी गिळ. घरात काय आहे?"

"शेजाऱ्यांनी दारात पेज ठेवलीये."

"आण ती. खिडकीत बस. मला दिसेल असं खा."

तो वाटी घेऊन आला. पहिला घोट सांडला. त्याने दुसरा घेतला. मागे धुलाईघराचा भोंगा झाला, कामावर चला म्हणून, आणि परत एकदा झाला. तो थांबून थांबून, श्वास घेत पेज पीत होता, आणि वाटी रिकामी होईपर्यंत ती काठावरून हलली नाही.