भुवडभाऊ आणि इब्रीचं हिरवं गेट

इथे ओमानात, सीबमधल्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की तो आधी भुवडभाऊंना फोन करतो. किल्ले कुठले बघायचे, गाडी कुठून भाड्याने घ्यायची, हे इंटरनेट सांगतं. पण निझव्याच्या वाटेवर दुपारी जेवायचं कुठे, असं त्याला विचारलं की ते नेमकं अशा ठिकाणी नेऊन बसवतं, जिथे फोटो देखणे आणि भात गार. त्या फोटोंवर माझा भयंकर राग आहे. एकदा असाच फोटो बघून मागवलेल्या ताटात मी मासा बराच वेळ शोधत बसलो होतो, तेव्हापासून मी फक्त भुवडभाऊंचं ऐकतो.

धनंजय भुवड मूळचे गुहागरकडचे. हॉटेलांचे फ्रीज, कोल्डरूम आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते टेक्निशियन आहेत. कंपनीची पांढरी पिकअप घेऊन सोहारपासून इब्रीपर्यंत त्यांची सारखी भटकंती चालू असते. आपण हॉटेलात पुढच्या दाराने जातो, हे मागच्या दाराने जातात. त्यामुळे कोणाकडचा मासा आजचा आणि कोणाकडचा गेल्या आठवड्यातला, हे त्यांना मालकाच्या आधी कळतं.

"मेन्यू कशाला वाचता, सबनीस?" ते मला म्हणतात. "मेन्यू काय वाट्टेल ते बोलतो. फ्रीजर उघडून बघा."

आता जेवायला गेलेल्या माणसाने फ्रीजर कसा उघडायचा? त्यावरही त्यांच्याकडे तोड होती. इथल्या पारंपरिक हॉटेलांत गालिचा घातलेल्या छोट्या छोट्या खोल्या असतात. चपला बाहेर काढायच्या, खाली बसायचं, मधोमध भात-मटणाचं मोठं ताट येतं. तर अशा ठिकाणी आधी दारातल्या चपला बघायच्या. नुसते चकचकीत बूट असले तर गाडी पुढे घ्यायची. बायकांच्या, पोरांच्या, झिजलेल्या, चिखलाच्या अशा सगळ्या चपलांचा ढीग असला तर डोळे मिटून आत शिरायचं. या चपलाशास्त्राने त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता. सीबच्या किनाऱ्यावर निखाऱ्यावरचं मिश्काक, म्हणजे सळईवर भाजलेलं मटण, कुठल्या गाडीवर खायचं, सोहारला मासळीबाजारातून सुरमई घेऊन ती कोणाकडून भाजून घ्यायची, चिप्स चुरून घातलेला पराठा कुठल्या मल्याळी कॉफी शॉपवाल्याचा, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्ही घरी जेवायला बोलावलं तरी हे येताना हातात दोन पार्सलं घेऊन येणार. "वहिनींना त्रास कशाला," म्हणून माझ्या बायकोला, आकांक्षाला, तिच्याच घरी पाहुणी करून टाकणार.

असा हा माणूस गेल्या महिन्यात पार काळजीत पडला होता, आणि कारण होतं त्यांची बायको.

विशाखावहिनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओमानला आल्या होत्या, व्हिजिट व्हिसावर. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलाची शाळा, मग कॉलेज. त्यांचं गाव सुटलंच नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. इकडे भुवडभाऊंना बढती मिळाली, कंपनी फॅमिली व्हिसा द्यायला तयार झाली. त्यांनी सीबला दोन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा घेतला. आता फक्त वहिनींनी हो म्हणायचं होतं. आणि वहिनी काही हो म्हणेनात. "बघू," म्हणत. परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं.

"तिला इथं आवडलं पाहिजे हो," भुवडभाऊ मला म्हणाले. "एकदा गेली की परत नाय यायची. मी ओळखतो तिला."

बायकोला देश आवडावा म्हणून माणसं डोंगर दाखवतात, समुद्र दाखवतात. यांनी हॉटेलं दाखवायला घेतली. जे येतं तेच माणूस करणार! आणि पंचाईत अशी की वहिनी हॉटेलात खात नाहीत. "कधीचं तेल, कुनाचा हात," एवढंच बोलायच्या आणि चहा घ्यायच्या. भुवडभाऊंनी सीब संपवलं, सोहार संपवलं, बरका, निझवा. वहिनी सगळीकडे चहा प्यायल्या आणि घरून आणलेल्या डब्यातली चपाती खाल्ली. फ्लॅटमध्ये एक इलेक्ट्रिक शेगडी आणि एक तवा, एवढाच संसार होता, त्यावर त्या पहाटे उठून चपात्या करायच्या. भुवडभाऊ रोज थोडे थोडे खचत चालले होते.

शेवटचा डाव म्हणून त्यांनी इब्री काढलं. इब्रीच्या एका मल्याळी दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की गावाबाहेर नवीन हॉटेल निघालंय, हिरवं गेट, खाली बसून जेवायचं, चव एकदम घरची. घरची हा शब्द ऐकून भुवडभाऊंच्या जिवात जीव आला. शुक्रवारी निघालो. आकांक्षाची हॉस्पिटलात ड्युटी होती म्हणून मी आणि आमची लेक पूर्वा, आणि हे दोघं. गाडी माझी, चालवणार ते. दुसऱ्याने चालवली की त्यांना हॉटेलं दिसत नाहीत म्हणे.

दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती. गावाबाहेर खजुरांच्या बागांकडे वळलो आणि खरंच हिरवं गेट आलं. गेटाशी गाड्यांची गर्दी. आतल्या दाराशी चपलांचा हा ढीग! बायकांच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, झिजलेल्या, नव्या.

"बघितल्यात चपला?" भुवडभाऊंचा चेहरा उजळला. "यल्ला, उतरा!"

दारात दिशदाशा, म्हणजे इथला पांढरा पायघोळ झगा, घातलेले एक आजोबा उभे होते. आम्हाला बघून ते क्षणभर थांबले, मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "तफद्दल, तफद्दल." या, या. बरोबर बाईमाणूस बघून त्यांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. गालिचा, लोड, भिंतीला एसी. खजूर आले, लहानशा कपांतून कहवा, इथली कडू कॉफी, आला.

"सर्व्हिस बघा, सबनीस!" भुवडभाऊ लोडाला टेकले. मग एक दाढीवाला तरुण पाण्याच्या बाटल्या घेऊन आला, त्याला म्हणाले, "भाई, पानी थोडा और ठंडा लाना. और सलाड अलग से." तो तरुण हसून मान डोलावून गेला आणि सलाड घेऊन आला.

पूर्वाने मला हळूच विचारलं, "बाबा, इथे मेन्यू नाहीये? वायफाय तरी?" मी म्हटलं विचार त्यालाच. तिने इंग्रजीत विचारलं. त्याने पासवर्ड सांगितला.

मग ताट आलं. पिवळसर भात, त्यावर मऊ शिजलेलं मटण, तळलेला कांदा, मनुका, बाजूला टोमॅटोची चटणी. भुवडभाऊंची नजर मात्र एसीवर गेली. उठले, हात लावून पाहिला, गॅस कमी झालाय असं जाहीर केलं, आणि मला काही कळायच्या आत त्या तरुणाला म्हणाले, "किचन दिखाओ. फ्रीजर देखना है." तो बिचारा गोंधळला, पण घेऊन गेला! परत आले ते खुशीत.

"घरातला छोटा फ्रीज ठेवलाय लेकाच्यांनी. नवीन धंदा आहे ना. पण स्वच्छ एक नंबर. खा बिनधास्त."

मी खातच होतो. आणि मान वर केली तर विशाखावहिनी खात होत्या. डबा पिशवीत तसाच. भाताचा घास, मटणाचा तुकडा, चटणी, पुन्हा भात. दाराशी डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक आजी येऊन उभ्या होत्या. वहिनींचा हात थांबला की त्या पुढे येऊन ताटात त्यांच्या बाजूला भात वाढत. वहिनी "पुरे, पुरे" म्हणत, आजी अरबीत काहीतरी म्हणत, आणि भात वाढलाच जाई. दोघी हसायच्या. वहिनींना मी हसताना पाहिलं ते पहिल्यांदा.

भुवडभाऊंनी माझा गुडघा असा दाबला की मी ओरडणारच होतो. त्यांचे डोळे चमकत होते. जिंकले होते ते. इतक्या चहांनंतर शेवटी एक हॉटेल बायकोला आवडलं होतं.

हात धुवून झाले, पुन्हा कहवा झाला. भुवडभाऊ ऐटीत दारात आले, खिशातून पाकीट काढलं आणि इथे मालकाला हाक मारतात तशी आजोबांना मारून म्हणाले, "अर्बाब, हिसाब."

आजोबा बघतच राहिले. "क्या हिसाब?"

"खाने का. बिल."

आजोबांनी त्या तरुणाकडे पाहिलं. तरुणाने आजोबांकडे पाहिलं. मग आजोबा अगदी हळू आवाजात, आम्हाला लाज वाटू नये अशा बेताने म्हणाले, "ये घर है. मेरा घर. आज जुम्मा, सब बच्चा लोग आया. तुम मेहमान. होटल आगे है, दूसरा गेट."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याचदा तोंडघशी पडलोय, पण लोकांच्या घरात घुसून, जेवून, वर त्यांचा फ्रीज तपासून कधी पडलो नव्हतो. भुवडभाऊंचा तर रंगच उडाला. पाकीट हातात, तोंड उघडं. "सॉरी" म्हणाले, "माफ करना" म्हणाले, मग जेवढं अरबी येत होतं तेवढं सगळं म्हणाले. पूर्वाने विचारलं, "बाबा, मग ते काही बोलले का नाहीत?" कारण इथली रीतच तशी. दारात आलेल्या माणसाला काय काम काढलंत म्हणून विचारत नाहीत. आधी खाऊ घालतात, मग तो आपण होऊन सांगेल ते ऐकतात. आजोबांनी वर आम्हाला खजुरांचा डबा दिला. आजींनी वहिनींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

निरोप घेऊन परत निघालो. भुवडभाऊ समोर बघून गाडी चालवत होते. खलास झाला होता माणूस. इतक्या वर्षांचं नाव धुळीला मिळालं, आणि ज्या एका हॉटेलात बायको जेवली ते हॉटेलच नव्हतं.

"मी आत पाय ठेवला तेव्हाच मला कळलं घर हाय ते," मागून वहिनी म्हणाल्या.

"आणि बोललीस नाय?"

"काय बोलनार? अंगनात पोराची सायकल, दोरीवर शाळेचे कपडे. म्हातारी ताटाकडं बघत उभी. हॉटेलात कुनी आपल्या ताटाकडं बघतं काय? घर होतं म्हनून तर जेवले." मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्या वळखीचं असेल. म्हटलं, बरं झालं. इकडच्या मानसांत ह्यांचं एक तरी घर हाय जेवायला."

भुवडभाऊंनी गाडीचा वेग कमी केला.

"फोनवर सांगायचात, आज इथं जेवलो, आज तिथं जेवलो. मी तिकडं आईंचं करत बसलेली. मला मेलीला राग यायचा. मनात म्हनायचे, ह्यांची चैन चाललीय."

"रूमवर जाऊन काय करायचं होतं?" भुवडभाऊ म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "हॉटेलात निदान चार माणसं दिसतात."

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. अशा वेळी दुसऱ्या नवरा-बायकोच्या मधे आपण आपल्याच गाडीत बसलेले असणं फार वाईट. पूर्वानेसुद्धा फोन खाली ठेवला होता.

बराच रस्ता गेला. मग वहिनी अगदी साधेपणाने, उद्या भाजी कुठली आणायची असं विचारावं तशा म्हणाल्या, "ड्युटीवरून जेवायला किती वाजता येनार?"

"कधी?"

"रोज."

भुवडभाऊंनी इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि टायर बघतो म्हणून उतरले. मी पाठोपाठ उतरलो. टायर चांगला होता. भुवडभाऊ डिकीमागे उभे राहून बाहीने डोळे पुसत होते आणि ते काही थांबत नव्हतं.

"सबनीस," ते म्हणाले, "हे मला इथं कुणी विचारलंच नव्हतं हो. काय सांगू तिला? कधी सोहारला असतो, कधी कुठं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात मागची काच खाली झाली आणि वहिनींनी डोकं बाहेर काढलं.

"अहो, काय ते नीट सांगा. त्या बेतानं भात टाकीन."

शेजारून ट्रकमागून ट्रक धडधडत चालले होते. भुवडभाऊंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "साडेआठ! साडेआठच्या आत येतो!"