चपलेच्या सोलावरचे साहेब

परभणीत आमच्या तहसील कचेरीसमोर एक शिक्केवाला रबरी शिक्के करायचा. काम नसलं की जीभ दातांत धरून जुन्या चपलेच्या सोलावर चित्रं कोरायचा, शाई लावून छापायचा आणि दुकानात टांगायचा.

आणीबाणीतलं एक चित्र होतं. मफलर गुंडाळून खुर्चीत पसरलेला बैल, शेजारी त्याचे बूट छातीशी धरून उभा कारकून. मफलर आमच्या तहसीलदारांचा होता. कारकुनाचा दोरा बांधलेला चष्मा माझा. माझी झोप उडाली.

"काढ रे ते," मी रोज विनवायचो.

"घाबरायलाव कामून? बैलच तर हाय."

एका दुपारी मी तिथं असतानाच फौजदार आला. मी हळूच चष्मा खिशात घातला.

"कोण आहे हा बैल?"

"तुमीच सांगा साहेब, कोन वाटायलाय?"

फौजदाराच्या तोंडून नाव निघेना. तो माझ्याकडं वळला. "तुम्ही कचेरीतले ना? ओळखता?"

"नाही," मी म्हणालो.

फौजदार गेला. शिक्केवाल्यानं आभार मानले नाहीत. सोल हातात घेऊन त्यानं कारकुनाचे ओठ तासून टाकले आणि नवा कागद छापला.

"हां," तो म्हणाला, "आता तुमी हुबेहूब आलाव."