एका मिनिटाच्या आत

अर्लिस होकस्ट्राला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. टीव्हीवर सामना लागला की ती इस्त्रीला बसायची. शिबॉयगनसारख्या फुटबॉलवेड्या गावात हे उघड सांगायला छाती लागते, पण अर्लिस कुणाला भीत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने भल्याभल्या दांडगटांना रांगेत उभं केलं होतं.

त्या उन्हाळ्यात मात्र तिच्या टेबलावर रोज बारा कप मांडलेले असायचे. ते धाकट्या भावासाठी, लायलसाठी. फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचे शब्द हरवले. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण तोंडात भलतंच यायचं. मीठ हवं असलं की तो ‘पायजमा’ म्हणायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

लायल आणि त्याचे अकरा मित्र बावीस वर्षं एक खेळ खेळत होते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बारमध्ये जमायचं, खऱ्या संघांतले खेळाडू आळीपाळीने आपापल्या कागदी संघात घ्यायचे, एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही, आणि मग हंगामभर त्यांच्या खेळावर गुण मोजत एकमेकांना छळायचं. एक नियम कडक होता. उभं राहून नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं, एका मिनिटाच्या आत. घंटा झाली की पाळी पुढच्याची.

“यंदा नावं तूच सांग ना अर्लिस,” त्याचा मित्र डेलमार फोनवर म्हणाला. “आम्ही समजून घेऊ.”

“नाही!” शेजारून लायल ओरडला. तेवढा शब्द मात्र स्वच्छ आला.

म्हणून ही तालीम. एक कप लायलचा, बाकी अकरा मित्रांचे, आणि त्या अकरांच्या वतीने अर्लिस निवडणार. पहिल्याच दिवशी तिने पहिल्याच पाळीला चेंडूला नुसती लाथ मारण्यापुरता मैदानात येणारा खेळाडू उचलला.

“शेवटी!” लायल हसून हसून बेजार झाला. “अगं, तो... शेवटी!”

“का रे? बिचारा धावत नाही, पडत नाही, कपडेसुद्धा मळत नाहीत त्याचे.”

हळूहळू ती शिकली. पळणारे आधी, लाथ मारणारे शेवटी. लायलची पाळी आली की ती ओव्हनचं घड्याळ लावून गप्प बसायची. नाव सुचवायचं नाही, असं त्याने तिच्याकडून वदवून घेतलं होतं. त्याला जमाल क्विन्लंड हवा होता. “क्विन्... क्विन्...” करत कधी चाळीस सेकंदांत जमायचं, कधी अजिबात नाही.

ऑगस्टच्या त्या शनिवारी अर्लिसही लायलबरोबर बारमध्ये गेली. त्याची पाळी पाचवी आली. तो टेबलाला धरून उभा राहिला. एरवी ज्याची पाळी असेल त्याची हे लोक सालं काढत. आज अकराही जण आपापल्या बिअरच्या ग्लासात बघत होते. इस्पितळात भेटायला आले तेव्हाचेच चेहरे.

“क्विन्...” लायल म्हणाला. “क्विन्...”

नाव तिच्या जिभेवर होतं. तिने दात आवळले. मिनिट झालं, वर दहा सेकंद झाले, वीस झाले. घंटा सांभाळणारा वेंडल खिडकीबाहेर बघत बसला होता. लायलने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. नाव अडल्याचं नव्हे, वेंडलच्या या दयेचं त्याला लागलं होतं.

“वेंडल,” अर्लिस म्हणाली, “मिनिट झालं. घंटा वाजव.”

“अगं, जाऊ दे ना. आपल्याला कुठे घाई आहे?”

“बावीस वर्षांत कुणाला सोडलंस का? वाजव म्हणते ना!”

वेंडलने घंटा वाजवली. पुढची पाळी डेलमारची होती. त्याने अर्लिसकडे पाहिलं, मग लायलकडे. सावकाश उठून, पट्टा सारखा करून तो म्हणाला, “जमाल क्विन्लंड.”

“चोरा!” लायलने टेबलावर मूठ आपटली. “डेलमार, हलकटा, तो माझा होता!”

एकही शब्द अडला नाही.

“होता ना? मग बोलायचं होतंस लवकर!” डेलमार म्हणाला आणि बारमध्ये एकच गलका उठला. “बस खाली, रडतोंड्या!” “याला एक रुमाल द्या रे!” लायलही लालबुंद होऊन हातवारे करत भांडत राहिला. निम्मे शब्द भलतेच येत होते आणि तिथल्या एकालाही त्याचं काही वाटत नव्हतं. अर्लिसला इतका आनंद झाला की रुमालाची गरज तिलाच पडली.