लांबीखाली लपलेली चीर

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. एका रविवारी सोबत काम करणारा भरत मला जवळच्या समुद्रकाठच्या दांडी गावाला, त्याच्या बहिणीकडे घेऊन गेला.

बहीण म्हणजे कमळताई. नवरा होड्यांच्या इंजिनांची कामं करायचा, दोन वर्षं अंथरुणात होता, नुकताच गेला होता. मागे राहिल्या दोन मुली आणि घरामागच्या शेडमधलं धातू कातायचं एक जुनं विलायती लेथ...

लेथ धड चालत नव्हतं. शाफ्ट लावला की थरथरायचा, कातलेल्या धातूवर लाटा उमटायच्या. बोईसरचा मेकॅनिक सांगून गेला होता, आतली बेअरिंग गेली, आता मिळायची नाहीत, भंगारात काढा. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता.

भरतला बहिणीची काळजी. लेथ विकून तिने मुलींना घेऊन आपल्याकडे राहायला यावं, असं त्याचं म्हणणं. "तू एकदा बघून सांग, म्हणजे तिच्या मनाला पटेल," तो मला म्हणाला होता.

मशीनवर नाव नव्हतं. कंपनीची पाटी कधीच पडलेली, नुसती स्क्रूची भोकं उरलेली. वरून होडीच्या हिरव्या रंगाचे थरावर थर...

पण खाली बघितलं तर पाय बाकदार, ओतीव. बेड, म्हणजे मशीनचा आडवा पाट, वरून अगदी सपाट. मी चमकलो. आमच्या आयटीआयमध्ये याच घडणीची, एकाच कंपनीची दोन मशीन होती, एक सुरुवातीचं, एक नंतरचं. नंतरच्याचे पाय सरळ होते आणि बेडवर उभे कंगोरे होते. हे सुरुवातीचंच होतं.

आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बंद बेअरिंग नव्हतीच! पितळेसारख्या धातूची दोन फाकांची बुशं असायची, वर झाकण, झाकणाला बोल्ट. इथे मात्र झाकणाचा पत्ता नाही, सगळं एकसंध दिसत होतं...

मी कमळताईंकडे सुरी मागितली आणि हलक्या हाताने रंग खरवडायला लागलो. रंगाखाली लांबी निघाली. होडीच्या फळ्यांच्या फटीत भरतात ना, तीच. कोणीतरी मशीन गुळगुळीत दिसावं म्हणून भरून टाकली होती.

लांबी निघाली आणि एक सरळ चीर दिसली. मग बोल्टची डोकी.

कमळताई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. पुढे येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे चालंल?"

झाकणं उघडली. बुशं झिजली होती, पण धड होती. झाकणं घट्ट बसावीत म्हणून त्यांखालचे पातळ पत्रे थोडे कमी केले, तेल घातलं, बोल्ट आवळले. स्पिंडल, म्हणजे बुशांत फिरणारा दांडा, हाताने फिरवून बघितला... सैलपणा गेला होता.

एक शाफ्टचा तुकडा लावून मी मोटर चालू करायला गेलो, तर कमळताईंनी पदर खोचला.

"तुमी बाजूला व्हा. मीच चालवते हां. हे आजारी पडले तवापासून सगली कामं मीच केली."

मी भरतकडे बघितलं. तो खाली बघत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं. गावात बोलणं नको म्हणून नवरा-बायकोने कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी टूल लावलं, चाक सावकाश फिरवलं. धातूची लांब, अखंड साल निघत राहिली. काम थांबवून त्यांनी शाफ्टवरून बोट फिरवलं आणि तिथेच खाली बसून रडल्या. भरत त्यांच्याजवळ जाऊन बसला. घरी चल, असं तो पुन्हा म्हणाला नाही.

पुढे दांडी आणि शेजारच्या घिवलीच्या होड्यांची कामं त्यांच्याकडे उघडपणे यायला लागली. मी बोईसर सोडलं तेव्हा थोरली मुलगीही मशीनवर उभी राहत होती.

आयटीआयचे आमचे सर मशीनभोवती फिरवून फिरवून पाय, बेड, झाकणं बघायला लावायचे. आम्ही वैतागायचो... आज ते असते तर जाऊन सांगितलं असतं, सर, तुमच्यामुळे दांडीतलं एक घर आपल्या जागी राहिलं.