खेकड्याचे दोन पाय

तिसरा बटाटा फुटला तेव्हा मी वहीत लिहिलं, 'तीन शिट्ट्या जास्त होतात. दोनच.'

रिह्याच्या खोऱ्यातली ही दोनशिक्षकी शाळा. सतरंजीवर बावीस मुलं, प्रत्येकासमोर स्टीलची ताटली. मी बालपुस्तकांची संपादक आहे, बटाटे उकडणं हे काही माझं रोजचं काम नाही. पण आमचं एक पुस्तक मुलांचं फार लाडकं आहे. लग्नाला निघालेल्या खेकड्याची गोष्ट. तो तिरका चालतो, म्हणून दर वेळी भलत्याच मांडवात पोचतो आणि जेवून येतो. या शाळेतली प्रत इतकी हाताळली गेली होती की पानांच्या कडा कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. आता नवी आवृत्ती निघणार होती आणि शेवटच्या पानावर एक पाककृती टाकायची ठरलं होतं, 'खेकडा खाऊ'. पाककृती छापण्याआधी ती मुलांच्या हातून करून बघावी लागते. याला आम्ही टेस्टिंग म्हणतो. मोठ्यांना सोपं वाटतं ते आठ वर्षांच्या हातांना जमेलच असं नाही.

कृती साधी. उकडलेला अर्धा बटाटा पालथा ठेवायचा, ती पाठ. दोन्ही बाजूंना गाजराच्या तीन-तीन काड्या टोचायच्या, ते पाय. पुढे सिमला मिरचीच्या दोन नांग्या. डोळ्यांना डाळिंबाचे दाणे. वरून चाट मसाला. विस्तव नाही, सुरी नाही.

"ताई, माझ्या खेकड्याचा डोळा घरंगळतोय!"

"आधी बोटानं खळगा कर, मग बसव."

तेही वहीत लिहिलं.

रेश्मा तिसरीतली. डोंगरावरच्या वाडीतून चालत येणारी. तिचा खेकडा सगळ्यांच्या आधी उभा राहिला होता, पण तिनं एकेका बाजूला चार काड्या टोचल्या होत्या.

"सहाच काड्या घ्यायच्या बाळा," मी म्हणाले. "चित्रात बघ."

तिनं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोन काड्या उपसून वाडग्यात परत ठेवल्या. मी पुढच्या मुलाकडे वळले.

थोड्या वेळानं सगळे खायला लागले. ती तशीच बसून होती. शेजारच्या मुलीनं विचारलं, "तू का खात न्हाईस?"

"लंगडं हाय हे," रेश्मा म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसले. "लंगडं कसं गं?"

"दोन पाय कमी हायेत."

"मग किती असतात?"

तिनं वर्गशिक्षक ढमाले सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "सांग की. ताई काय रागावत न्हाईत."

"आठ. नांग्या येगळ्या." मग ती भडाभडा बोलायला लागली. "आमी वढ्यात धरतुया. दगडाखाली हात घालायचा अन् पाठीवरनं धरायचं. येखाद्याचा पाय तुटल्याला आसतो. पन समदी लंगडी नसत्यात." तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि पान उलटलं. "हे बी लंगडं." आणखी एक पान. "हे बी."

सर हसले. "मीपण लहानपणी ढिगानं धरलेत, मॅडम. पण मोजले कुणी!"

या पुस्तकाचा एकेक अनुस्वार मी तपासलेला आहे. दोन आवृत्त्या माझ्या हाताखालून गेल्या. पाय मात्र कधी मोजले नव्हते.

"तुझ्या काड्या मी उगाच काढायला लावल्या," मी रेश्माला म्हणाले आणि वाडगा तिच्यापुढे धरला. तिनं दोन काड्या निवडून टोचल्या आणि लगेच खायला सुरुवात केली. मग काय, अर्ध्या वर्गाला आणखी दोन-दोन पाय हवे झाले. गाजरं संपली. लहान बटाट्यांना आठ काड्या पेलेनात, तेही फुटले. वहीत लिहिलं, 'मोठा बटाटा.'

परतताना पिरंगुटला येईपर्यंत फोनला धड रेंज नव्हती. तिथे गाडी बाजूला लावून खेकड्यांचे दहा-बारा फोटो बघितले. आठ पाय, दोन नांग्या. मग आमच्या प्रकाशकांना फोन लावला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो.

"अण्णा, फाइल थांबवा."

फाइल म्हणजे छपाईसाठी तयार झालेलं पुस्तक. ती आदल्या दिवशीच प्रेसला गेली होती. पाककृतीचं पान तेवढं मागाहून जाणार होतं.

"का? शुद्धलेखन राहिलं?"

"खेकड्याचे दोन पाय राहिले."

"कुठल्या पानावर?"

"सगळ्या."

"अगं, तो खेकडा फेटा बांधून लग्नाला जातो. त्याचे पाय कोण मोजतंय?"

"फेटा मुलांना चालतो, अण्णा. ती गंमत आहे हे त्यांना कळतं. पाय कमी ही गंमत नाही, चूक आहे. आणि जिला बरोबर माहीत होतं, तिला आज मीच चूक करायला लावली."

"तू म्हणतेस म्हणून," अण्णा म्हणाले. "प्रेसला मी सांगतो. चित्रकाराला तू सांग."

चित्रकारानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "चुकलंच. मी शाकाहारी आहे गं. खेकडा कधी जवळून बघितलाच नाही."

त्यानं एकोणीस चित्रं दुरुस्त केली. पुस्तक महिनाभर उशिरा आलं आणि ज्या प्रदर्शनासाठी अण्णांची घाई चालली होती ते हुकलं. त्याबद्दल ते मला अजून अधूनमधून ऐकवतात.

नव्या प्रती घेऊन मी शाळेत गेले. रेश्मानं गोष्ट वाचली नाही, पानागणिक पायांवर बोट फिरवत गेली. एका पानावर थांबली.

"हितं सात."

"एक ताटामागं झाकलाय."

तिनं चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "बरं," म्हणाली आणि पान उलटलं.

आता टेस्टिंगला गेले की मी पहिला अर्धा तास कुणालाच दुरुस्त करत नाही, नुसती बघते. बहुतेक वेळा मुलंच चुकलेली असतात. पण दर वेळी नाही.